प्रीतीला लागणारा वेळ

सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे ७०० गाथांच्या संग्रहात, गोदावरीचा काठ हा प्रेमिकांच्या भेटीचा काठ आहे, तागाची उभी शेते तिथे आडोसा देतात आणि पीक कापणीला आले की नायिकेच्या जिवाला हुरहूर लागते. या गाथांत पुष्कळदा स्त्रीच बोलते, आणि आपली ओढ, रुसवा, नकार स्वतःच्या तोंडाने सांगते. तीच गोदावरी परभणी जिल्ह्यातील पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम या तालुक्यांना भिजवत जाते, आणि गंगाखेडच्या जनाबाईने तर हा जिव्हाळ्याचा मोकळेपणा थेट विठ्ठलापर्यंत नेला.

महानगरांत आज प्रेमसंबंधांच्या ऱ्हासाची चर्चा चालते ती ‘सिच्युएशनशिप’ (मन गुंतवूनही नात्याला नाव आणि जबाबदारी न देणे) किंवा ‘घोस्टिंग’ (एक शब्दही न सांगता संपर्क तोडून नाहीसे होणे) अशा संज्ञांच्या आधाराने, आणि निवडीला माणसे फार झाल्यामुळे कोणावरच मन ठरत नाही, असे तिचे निदान असते. परभणीला हे निदान लागू पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत या जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले आढळले. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. जिथे निवडीचे वयच हिरावले जाते, तिथे प्रेम आटले असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला उगवायला वेळच मिळालेला नसतो.

यामागे मराठवाड्याचे अर्थकारण आहे. ऊसतोडीसाठी मुकादम ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती बहुधा ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, त्यामुळे लग्न झाले की मजुरीची जोडी तयार होते. आईवडील पाच-सहा महिने फडावर गेल्यावर वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही चिंता खरी असते. तिच्या हाती मोबाईल दिसला, कोणाशी बोलणे असल्याची कुजबुज झाली, तरी सोयरीक घाईने उरकली जाते. प्रेमाची ही धास्ती प्रेमाइतकीच जुनी असेल, पण तिची किंमत मुलीची शाळा चुकवते.

दुसऱ्या टोकाला शेती करणारे अविवाहित तरुण आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशा तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी मागितली. ती मागणी रास्त होती, कारण महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. मात्र ‘नोकरीवालाच मुलगा हवा’ म्हणणाऱ्या मुलीला लोभी ठरवणे योग्य नव्हे. कापसाच्या भावावर आणि पावसावर टांगलेले आईचे आयुष्य तिने जवळून पाहिलेले असते.

मग उरते ते साखरपुड्यानंतर फोनवर सुरू होणारे बोलणे. एकमेकांना ओळखण्याचा एवढाच काळ येथील कित्येकांच्या वाट्याला येतो, आणि तो सोयरीक पक्की झाल्यावर येत असल्याने, बोलता बोलता मन विटले तरी माघार घेण्याची मोकळीक मुलीजवळ फारशी उरलेली नसते.