दोन अंगठ्यांचा सराव

माउस आणि कीबोर्डवर वर्षानुवर्षे खेळलेल्या मुलाच्या हाती कंट्रोलर (वडीलधारी मंडळी त्यालाही ‘रिमोट’च म्हणतात) दिला, की तो एकाएकी नवशिका ठरतो. याचे कारण साधनातच आहे. माउस हात सरकेल तेवढाच नेम हलवितो. हात थांबला की नेमही थांबतो. सोनीने १९९७ साली दोन स्टिकांचा कंट्रोलर आणला. त्यावरील स्टिक जागा नव्हे, वेग ठरविते. ती कलती धरली आहे तोवर नजर फिरतच राहते. वरळी कोळीवाड्यातील होडीचे सुकाणू असेच: वळते धरले तोवर होडी वळणार.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाला आम्ही हेच सांगितले. संगणकावर तो तरबेज. परंतु धाकट्या भावाबरोबर टीव्हीसमोर बसला, की दहा मिनिटांत चिडून उठे आणि तो लहानगा एकटाच उरे. आम्हांला चिंता होती ती त्या लहानग्याची.

नेमबाजीचे खेळ काही दिवस बाजूस ठेवून मोटारशर्यत खेळावी, असे आम्ही सुचविले. कीबोर्डची कळ एक तर दाबलेली असते, नाही तर सुटलेली. स्टिकने चाक थोडेसेच वळविता येते, हा लाभ तिथे चटकन उमजतो. पुढे नेमबाजीकडे परतताना संवेदनशीलता कमी ठेवावी. नेमाला साहाय्य करणारी सोय बंद करण्याचा अभिमान नको. अंगठ्याला मनगटाची सफाई नसते, म्हणूनच ती दिलेली आहे. उजव्या स्टिकने ढोबळ रोख धरावा आणि उरलेला केसभर फरक डाव्या स्टिकने, खेळातील पात्रालाच बाजूला सरकवून, भरून काढावा. ही शेवटची युक्ती धाकट्याला आधीच अवगत होती. तेव्हा शिकवणीचे काम आम्ही त्याच्याकडेच सोपविले.