आधी पाण्याला वाट, मग माणसाला

मंडळी, यंदाच्या दिवाळीचा फराळ डब्यात असतानाच एक वेगळा उद्योग करून आले. वासोट्याची वाट दुरुस्त करायला गेले होते! "या वयात हे काय सुचलं?" हा प्रश्न लेकीने फोनवर विचारून झाला आहे, तेव्हा तुम्ही पुन्हा विचारू नका.

झालं असं की, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा साताऱ्याला असतो. तो आणि त्याची मित्रमंडळी सुट्टीच्या दिवशी गडांवर साफसफाई करत फिरतात. म्हणाला, "मावशी, तू नुसती लाँचमध्ये बस, जंगल बघ, जमलं तर दोन दगड उचल." खुलताबादसारख्या कोरड्या डोंगरावर जन्म काढलेल्या बाईला लाँच म्हटल्यावर मोह आवरतो का?

ज्यांना वासोटा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. (मास्तरणीची सवय, चालवून घ्या.) सातारा जिल्ह्यात कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. बामणोलीहून लाँचने तास-दीड तास गेलं की पलीकडच्या काठावर जंगल लागतं आणि त्या जंगलातून चढत वासोटा. त्याचंच दुसरं नाव व्याघ्रगड. १८१८ साली इंग्रजांनी जुन्या वासोट्यावरून तोफा डागून तो घेतला. इथलं जंगल १९८५ पासून कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गडावर मुक्कामाला बंदी. सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. पावसाळ्यात तर वाट बंदच असते.

धरणाची उंची १०३ मीटर, हे मी कितीतरी वर्षं भूगोलाच्या तासाला फळ्यावर लिहिलं. ते पाणी मात्र पहिल्यांदाच बघत होते. लाँचवाले मध्येच एका जागी बोट दाखवून म्हणाले, "बाई, ह्याच्या खाली आमच्या आज्याची शेती." इतक्या सहज म्हणाले, की मला काही बोलायलाच सुचलं नाही. पाणी स्वच्छ, निळं, आणि त्यावर आमची लाँच फटफट करत चाललेली.

पलीकडे उतरल्यावर वनखात्याच्या चौकीत पिशव्या उघडाव्या लागतात. प्लास्टिकच्या बाटल्या, वेष्टनं सगळं मोजून लिहून घेतात, अनामत रक्कम ठेवून घेतात आणि परत येताना पुन्हा मोजतात. मला हे फार आवडलं. वर्गात खडूचे तुकडे मोजून देणारी बाई मी, मला न आवडून कसं चालेल!

आम्ही अकरा जण. सोबत वनरक्षक. त्यांनी आधीच बजावलं, उभ्या झाडाला हात लावायचा नाही, पडलेली फांदी बाजूला करायची, तीही विचारून. पहार, टिकाव, फावडं, घमेली एवढीच हत्यारं. तरुण मंडळी वर नागेश्वरच्या फाट्याकडे गेली. मी आणि दोघी जणी खालच्या सपाटीलगतच्या टप्प्यात राहिलो.

वाट दुरुस्त करायची म्हणजे दगड बसवायचे, पायऱ्या करायच्या, असं मला वाटत होतं. पण खरं काम पाण्याचं असतं. कोयनेच्या खोऱ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाण्याला पायवाट म्हणजे आयता पाट. ते वाटेवरून धावत सुटतं, माती घेऊन जातं, मुळं उघडी पडतात, मग चालणारा बाजूने पाय टाकतो आणि एकीच्या दोन वाटा होतात. म्हणून वाटेत थोड्या थोड्या अंतरावर तिरकी दगडांची ओळ पुरायची आणि उताराच्या बाजूला तोंड ठेवायचं. पाणी तिथून जंगलात निघून जातं. गेल्या वर्षी पुरलेल्या ओळींच्या तोंडाशी पानं आणि गाळ साचला होता, तो उपसणं हे माझं काम. बसून करता येतं, गुडघ्यांची तक्रार नाही.

गंमत वाटली. आमच्या मराठवाड्यात जन्मभर ऐकलं ते "पाणी अडवा, पाणी जिरवा". आणि इथे मी पाण्याला "जा बाबा, जा" म्हणत होते!

दुपारी ओढ्याकाठी भाकऱ्या सोडल्या. लाँचवालेही येऊन बसले. त्यांच्या आईचं माहेर इथलंच, मेट इंदवलीचं. मेट म्हणजे गडाच्या वाटेवरची चौकी, पहाऱ्याची वस्ती. आता तिथे वस्ती नाही, लोकांचं पुनर्वसन झालं. मी विचारलं, "तेव्हा ही वाट कोण दुरुस्त करायचं हो?"

ते हसले. "दुरुस्त कसली बाई? रोज चालायची माणसं. आडवा दगड दिसला की पायानं सरकवायचा, पाणी तुंबलं की काठीनं कोरून द्यायचं. त्याला कुणी काम म्हणत नव्हतं."

मंडळी, हे वाक्य डोक्यातून जात नाही. जी वाट रोजच्या पायांनी आपोआप राखली जायची, तिला आता परवानगी लागते, हत्यारं लागतात, सुट्टीचा दिवस लागतो. वाघाला जागा हवी, हे मला पटतं. धरणाची वीज महाराष्ट्रभर गेली, हेही खरं. पण वाट राखणारी माणसं त्यात वाटेवरून उठली, हेही तितकंच खरं. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

म्हणून 'श्रमदान' हा शब्द मी जरा जपून वापरते. १९७२ च्या दुष्काळात मी विशीच्या आसपास होते. आमच्या भागातल्या बायका दुष्काळी कामावर उन्हात खडी फोडायच्या, हाताला चिंध्या गुंडाळून. त्याला कुणी दान म्हटलं नाही, कारण संध्याकाळची चूल त्या मजुरीवर पेटायची. आम्ही पोटभर जेवून, कोरे हातमोजे घालून चार घमेली गाळ काढला. आनंद खूप झाला, पण ते दान नव्हे. फार तर दुसऱ्याच्या घराची झाडलोट, घरधनी गावाला गेलेला असताना केलेली. ती मात्र केलीच पाहिजे. नाही केली तर पुढच्या पावसात वाट जाईल आणि तिच्याबरोबर, इथे माणसं राहत होती याची खूणही.

परतताना चौकीत आमचं प्लास्टिक मोजलं. नेलेलं बारा, आणलेलं एकोणतीस! जास्तीचं आधीच्या लोकांचं.

आता सकाळी फिरायला जाते तेव्हा आमच्या डोंगरावरच्या पायवाटेवर काठीने थोडंफार कोरत असते. परवा शेजारच्या नातवाने विचारलं, "आजी, काय करताय?" म्हटलं, "काही नाही रे, चालतेय."

असो. भाचा पुढच्या वर्षीही बोलावणार म्हणतो. गुडघे हो म्हणाले तर कळवीनच.