आकड्याखालची सही

पुणे विद्यापीठातून जीवरसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन अमेरिकेत दाखल झालेल्या माझ्यासारख्या माणसापुढे दोनच मार्ग असतात, अशी आमच्या मित्रमंडळींची ठाम समजूत होती: प्राध्यापकाची जागा मिळेपर्यंत पोस्टडॉकची मुदत वाढवून घेत राहावे, नाहीतर एखाद्या औषधकंपनीत रुजू व्हावे. रुग्णालयाच्या निदानप्रयोगशाळेचा प्रमुख वैद्यकाची पदवी नसलेला शास्त्रज्ञही होऊ शकतो, ही गोष्ट मला एका सहकाऱ्याकडून चहाच्या वेळी सहज कळली, आणि पहिल्यांदा ती मला खरीही वाटली नाही.

या वाटेचे मूळ एका लाजिरवाण्या प्रकरणाने घडविलेल्या कायद्यात आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी होणाऱ्या पॅप चाचण्यांच्या काचपट्ट्या बेसुमार वेगाने उरकून टाकणाऱ्या प्रयोगशाळांचा कारभार वॉल्ट बोग्डानिच या वार्ताहराने १९८७ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधून उजेडात आणला, आणि पुढच्याच वर्षी तेथील संसदेने ‘क्लिया’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा कायदा मंजूर केला. त्याच्या नियमांप्रमाणे अत्यंत गुंतागुंतीच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेचे संचालकपद विज्ञानातील डॉक्टरेटधारकास मिळू शकते. मात्र २००३ पासून, नव्याने येणाऱ्यास मान्यताप्राप्त मंडळाची सनद असल्यावाचून ती खुर्ची मिळत नाही. रसायनशाखेसाठी अमेरिकन बोर्ड ऑफ क्लिनिकल केमिस्ट्री, सूक्ष्मजीवशाखेसाठी अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल मायक्रोबायॉलॉजी, अशी ही मंडळे आहेत; त्यांच्या परीक्षेस बसण्याचा राजमार्ग म्हणजे रुग्णालयातील दोन वर्षांची फेलोशिप. जागा मोजक्या, अर्जदार पुष्कळ. आणि मुलाखतीत माझ्या शोधनिबंधांविषयी फारसे कोणी विचारले नाही, हे मला तेव्हा अपमानास्पद वाटले होते.

फेलोशिपमध्ये आम्हांला काय शिकविले? रोजच्या नियंत्रण-नमुन्यांचे आलेख वाचणे, वेस्टगार्डच्या नियमांनी यंत्राचा कल ओळखणे, नवे यंत्र सेवेत घेण्यापूर्वी त्याची कसून पारख करणे, तपासणीस येणाऱ्या निरीक्षकांपुढे दस्तऐवज ठेवणे. परंतु खरे शिक्षण रात्रीच्या फोनवर झाले. एका रात्री एका वॉर्डातील रुग्णाचे पोटॅशियम नऊच्या वर आले. इतके पोटॅशियम रक्तात खरोखरच असते तर हृदयाची लय बिघडलेली असायची. रुग्ण मात्र उशीला टेकून नर्सशी गप्पा मारीत होता. रेसिडेंट डॉक्टर उपचार सुरू करण्याच्या बेतात होते. माझ्या गुरूंनी फोनवर मला एवढेच विचारले, “कॅल्शियम किती आहे?” ते जगण्याशी विसंगत वाटावे इतके खाली होते, आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे विकरही घसरलेले होते. उलगडा तत्काळ झाला: रक्त आधी जांभळ्या बुचाच्या नळीत घेऊन त्यातलेच थोडे दुसऱ्या नळीत ओतले गेले होते. त्या जांभळ्या नळीतील ईडीटीएचा क्षार पोटॅशियम सोबत आणतो, कॅल्शियम जखडून ठेवतो आणि त्या विकराला लागणारे जस्त व मॅग्नेशियमही हिरावून घेतो. ज्या ईडीटीएची बाटली माझ्या डॉक्टरेटच्या टेबलावर वर्षानुवर्षे उभी होती, तिचा एका माणसाच्या जीवाशी असा संबंध येऊ शकतो, हे मला कोणत्याही शोधनिबंधाने सांगितले नव्हते. पुन्हा रक्त घेतले. पोटॅशियम चार निघाले.

संशोधकाला शंका घेण्यासाठी हवा तितका अवधी असतो. वर्षभर एकाच प्रश्नाभोवती फिरला तरी त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुखाला तीच शंका घटकाभरात घेऊन, तपासून, आकडा सोडायचा की रोखायचा हे ठरवावे लागते, आणि सही त्याची असते. ज्यांना स्वतःच्या नावाचा शोध हवा आहे, त्यांना हे काम रुक्ष वाटेल, आणि त्यात त्यांचे चुकत नाही. शिवाय हुद्द्याबरोबर अंदाजपत्रक, नोकरभरती, यंत्रांचे करार आणि तीस-तीस वर्षे त्या बाकांवर काढलेल्या तंत्रज्ञांची मर्जी हा प्रपंचही येतो. त्या तंत्रज्ञांकडून शिकण्याची लाज ज्याला वाटते, त्याने या वाटेस जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मायदेशी परत येऊन हेच काम करावे असे मनात येते, पण इथे कायद्याची चौकट निराळी आहे. निदानप्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाची सही हवी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये घेतली. म्हणून डॉक्टरेट पुरी करीत असलेल्या ज्या तरुणांना परदेशातील ही वाट खुणावते, त्यांना माझे सांगणे आहे की त्यांनी पोस्टडॉकची दुसरी मुदत स्वीकारण्याआधीच फेलोशिपचे अर्ज धाडावेत, आणि त्यापूर्वी एखाद्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत परवानगी काढून रात्रपाळी पाहून यावी.