नाव आणि निदान

पोट दुखते म्हणून वैद्याकडे जावे आणि त्याने नाडी पाहून, मुद्रा गंभीर करून, ‘आपल्या पोटात काहीतरी दुखत आहे’ एवढेच सांगावे, तर त्याला आपण दक्षिणा देऊ काय? परंतु इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांत हा वैद्य मला गेली पंचवीस-तीस वर्षे नित्य भेटत आला आहे. ‘लेखकाने येथे परिणामकारक शब्द योजून वाचकाच्या मनाची पकड घेतली आहे,’ असे तो लिहितो आणि निर्धास्तपणे गुणांची वाट पाहतो. शब्द कोणते आणि परिणाम कोणता, याविषयी तो मौन पाळतो.

इंग्लंडात अठराव्या वर्षाच्या सुमारास जी ए-लेव्हलची परीक्षा देतात, तिच्यात इंग्रजी साहित्याहून निराळा असा ‘इंग्रजी भाषा’ हा स्वतंत्र विषय आहे. एखादी जाहिरात, एखादे भाषण, वर्तमानपत्रातला एखादा मजकूर पुढे ठेवायचा आणि भाषा तेथे आपले काम कसे करते हे विद्यार्थ्याने उलगडून दाखवायचे, असा तिचा एक भाग. 2015 पासून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात गुणदानाची जी उद्दिष्टे ठरली आहेत, त्यांतले पहिलेच विश्लेषणाची योग्य पद्धत आणि तिची परिभाषा यांविषयी आहे. माझ्या भाचीची मुलगी तिकडे या परीक्षेची तयारी करीत आहे. सरावाची उत्तरे ती मला पाठवते आणि त्यांबरोबर तक्रारही पाठवते. ‘मामाआजोबा, फुलपाखराला टाचणी टोचायची आणि खाली नावाची चिठ्ठी लावायची, एवढेच ना हे?’

तक्रार अगदीच निराधार नव्हे. पण तिच्याच एका उत्तराचे उदाहरण घ्या. कठीण काळात त्याग करण्याचे आवाहन करणाऱ्या एका भाषणाविषयी तिने लिहिले होते, ‘वक्ता वुई हे सर्वनाम वापरून एकोपा निर्माण करतो.’ मी तिला कळवले, ‘ते भाषण आपल्या घरच्या भाषेत आणून पाहा. प्रत्येक वुईच्या जागी तू आपण लिहिशील की आम्ही?’ मराठीला हा प्रश्न क्षणोक्षणी सोडवावा लागतो. ऐकणाऱ्याला कवेत घेणारे ते ‘आपण’, त्याला उंबरठ्याबाहेर ठेवणारे ते ‘आम्ही’. भाषाशास्त्र पहिल्याला समावेशक आणि दुसऱ्याला व्यावर्तक म्हणते. इंग्रजीत दोघांचा वेष एकच. त्यामुळे ‘निर्णय आम्ही घेतला आहे, त्याग आपण करू’ हे एकाच शब्दात, आणि कोणाच्या लक्षातही न येता, सांगता येते. नुसते ‘सर्वनाम’ म्हटल्याने ही किमया दिसत नाही. नेमके नाव घेताच ती उघडी पडते.

‘मस्ट’ या सहायक क्रियापदाचेही असेच आहे. ‘तू दमली असशील’ आणि ‘तुला निघालेच पाहिजे’ या दोन्ही ठिकाणी इंग्रज ‘मस्ट’च म्हणेल. एक अनुमान आहे, दुसरी सक्ती. परिभाषेत पहिल्याला एपिस्टेमिक आणि दुसऱ्याला डिऑन्टिक म्हणतात. नावे बोजड आहेत खरी. पण अनुमानाच्या वेषात सक्ती घरात शिरू लागली, तर तिला दारातच ओळखायला ती उपयोगी पडतात.

मात्र नाव त्या त्या भाषेचे हवे. आपल्याकडे पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, असे सररास घोकले जाते. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणीच, कारण येथे क्रियापद आंब्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पण राम वाक्यात ठळकपणे उभा आहे. इंग्रजी पॅसिव्हमध्ये कर्त्याला पडद्याआड जाण्याची सोय असते. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ म्हटले की चुका झाल्याचे मान्य होते. त्या कोणी केल्या हे मात्र गुलदस्तातच राहते. म्हणून येथे ‘पॅसिव्ह’ एवढे सांगून भागत नाही. कर्त्याचा उल्लेख गाळलेला पॅसिव्ह, असे म्हणावे लागते आणि लागलीच विचारावे लागते की तो कोणी गाळला आणि कोणाच्या सोयीसाठी?

हा शेवटचा प्रश्न नसेल, तर सारी परिभाषा म्हणजे औषधाच्या रिकाम्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या होत. त्या परीक्षेच्या उद्दिष्टांतही परिभाषेपाशी थांबलेले नाहीत. भाषेची वैशिष्ट्ये आणि संदर्भ यांतून अर्थ कसा घडतो याचे विवेचन हे निराळे उद्दिष्ट आहे. नाव हे निदानाचे पहिले पाऊल. पण पहिले पाऊलच न टाकणाऱ्याने पुढच्या वाटेची बढाई मारू नये.

मुलीचे पुढचे उत्तर आले, त्यात प्रत्येक ‘वुई’खाली तिने पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘आपण’ किंवा ‘आम्ही’ लिहिले होते. दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह होते. मला त्या प्रश्नचिन्हांचेच अधिक कौतुक वाटले. तिला गुण किती मिळतील हे परीक्षक ठरवतील. परंतु परीक्षेनंतर ती मतदार होईल, आणि कोणी व्यासपीठावरून ‘आपण सारे’ म्हणू लागला, म्हणजे त्या ‘आपण’मध्ये आपण खरोखर आहोत काय, एवढे ती नक्की विचारील.