श्रीनीचा आवाज

आमच्या घरात संगणक आला तो २००४ च्या मे महिन्यात. मामूंच्या कार्यालयातून निकालात निघालेला, पडदा पिवळट पडलेला आणि आतल्या पंख्याची घरघर अम्मीच्या शिवणयंत्रासारखी. सोबत बाजारातून पंचवीस रुपयांना आणलेली एक सीडी होती. तिच्यावर स्केचपेनने नुसते ‘गेम्स’ लिहिलेले. तिच्यात मोटारींची शर्यत होती, बुद्धिबळ होते आणि एका कोपऱ्यात ‘फ्रेडी फार्कस : फ्रंटियर फार्मासिस्ट’ नावाचा एक खेळ होता. त्यातला फार्मासिस्ट हा शब्द भाईजाननी ओळखला. ते तेव्हा डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही नववीत, आपा बारावीत. अशा रीतीने तो खेळ आमच्या घरी सुरू झाला.

मोटार पळवावी किंवा धडाधड गोळ्या झाडाव्यात असा तो खेळ नव्हता. पडद्यावर चित्र यायचे. त्यातल्या दारावर, बरणीवर, माणसावर माउसने टिचकी मारायची आणि काय घडते ते पाहायचे. वस्तू उचलून खिशात ठेवायची, योग्य जागी वापरायची. मजकूर सगळा इंग्रजी. आम्हा उर्दू माध्यमाच्या पोरांना एक संवाद वाचायला पाच मिनिटे लागत. शब्दकोश आपाच्या मांडीवर असायचा.

गोष्ट १८८८ सालची, कॅलिफोर्नियातल्या कोर्सगोल्ड गावातली. फ्रेडी एकेकाळचा बंदूकबहाद्दर. केनी द किड नावाच्या गुंडाने गोळी झाडून त्याचा एक कान उडवला. तेव्हा त्याने बंदूक टांगून ठेवली, औषधांचे शिक्षण घेतले आणि गावात दुकान टाकले. तुटलेल्या कानाच्या जागी चांदीचा कान. पुढे गावावर एकामागून एक संकटे येऊ लागतात, लोक घरेदारे विकून पळायला लागतात आणि बिचाऱ्या औषधवाल्याला पुन्हा बंदूक शोधावी लागते. खेळाच्या सुरुवातीला त्याच्या आयुष्याचा पोवाडा म्हणावा असे गाणे आहे. पडद्यावर त्याच्या शब्दांवरून एक चेंडू टुणटुण उड्या मारत जातो, आपण सोबत म्हणावे म्हणून. आम्ही चाल बरोबर म्हणायचो आणि शब्द आमच्या मनाचे.

अमेरिकेतल्या सिएरा ऑन-लाइन या कंपनीने हा खेळ १९९३ साली काढला. रचना अल लोव आणि जॉश मँडेल या दोघांची. कोर्सगोल्ड हे गाव खरेच आहे, फ्रेस्नोहून योसेमिटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सोन्याच्या शोधात लोक धावले त्या काळातले. ही कंपनी सुरुवातीच्या वर्षांत त्याच भागात होती, म्हणजे लेखकांनी स्वतःच्याच गावाची टर उडवली. अल लोव हे आधी पंधरा वर्षे सरकारी शाळांत संगीत शिकवत होते, हे पुढे कळले तेव्हा आम्हाला फार बरे वाटले होते. मास्तरकीतून सुटलेल्या माणसाला एवढे हसू फुटते तर!

तर मते. घरातल्या प्रत्येकाचे मत वेगळे होते. गावातल्या घोड्यांना गॅस होतो आणि त्या वासाने माणसे पटापट पडू लागतात, असा एक भाग आहे. फ्रेडीला कोळसा वगैरे जमवून तोंडावर बांधायचा मुखवटा तयार करावा लागतो. अम्मीने तो भाग पाहिला आणि ओढणी तोंडात कोंबून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. इंग्रजीचे एक अक्षर न कळता. अब्बांचे मत एका शब्दाचे होते, ‘वाहियात’. मात्र गोगलगायींची झुंड गावावर चाल करून येते तेव्हा ते पेपर आडवा धरून दाराशी उभे होते, हे आम्ही सर्वांनी पाहिले. मेल ब्रुक्स यांच्या ‘ब्लेझिंग सॅडल्स’ (१९७४) या चित्रपटाशी या विनोदाचे सख्खे नाते आहे असे जाणकार म्हणतात. तो चित्रपट आम्ही फार नंतर पाहिला. नाते आहे.

खेळात शाळामास्तरीणही आहे, पेनेलोपी प्रिम. गोड, नीटनेटकी, फ्रेडी तिच्यावर फिदा. ज्यांना अजून खेळायचे असेल त्यांनी पुढची दोन वाक्ये सोडावीत. साऱ्या कारस्थानामागे तीच निघते. आपा म्हणाली होती, “मला पहिल्या दिवसापासून संशय होता, कोणती मास्तरीण इतकी शांत असते?” आज बी.एड. होऊन शाळेत इतकी वर्षे काढल्यावर आमचे मत तिच्याशी जुळते.

पण त्या उन्हाळ्यात आम्ही शेवटापर्यंत पोहोचलोच नाही. खेळाच्या सुरुवातीलाच फ्रेडीकडे गिऱ्हाइके चिठ्ठ्या घेऊन येतात. आतल्या खोलीत तराजू, खल, मोजमापाचे काचनळे मांडलेले. चिठ्ठीप्रमाणे औषध बनवायचे. ते पाहून भाईजान हरखले, कारण त्यांच्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलचे टेबल हुबेहूब तेच. मात्र कशात काय किती घालायचे ते खेळात कुठेच लिहिलेले नव्हते. ते होते खोक्यासोबत मिळणाऱ्या छापील पुस्तकात. फ्लॉपीची नक्कल कोणीही करील, पुस्तकाची करायला कंटाळेल, हा कंपनीचा हिशेब. पंचवीस रुपयांच्या सीडीबरोबर पुस्तक कुठून येणार? भाईजाननी आपल्या अभ्यासाच्या जोरावर तीन दिवस अंदाजाने औषधे बनवली. एकही जुळले नाही.

पुढे कॉलेजच्या वसतिगृहात हा खेळ खेळलेले दोन-तीन जण भेटले. पुस्तकासकट खेळलेला म्हणायचा, औषधे बनवणे हाच त्यातला सर्वात झकास भाग, पुढचे सगळे घाईचे. बिनपुस्तकाचे म्हणायचे, काय भिंत बांधून ठेवली आहे! दोघेही एकाच खेळाबद्दल बोलत होते. बी.एड.ला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र पाठ करताना आम्हाला ती भिंत आठवायची. आमच्या शाळेतही संगणक आले, पण मुलांच्या हातात पुस्तक नव्हते. असो.

आता श्रीनीबद्दल. फ्रेडीच्या दुकानात एक मदतनीस आहे, श्रीनी. अमेरिकन काउबॉय कथांत नायकासोबत एक ‘विश्वासू इंडियन साथीदार’ असण्याची रीत होती. ‘द लोन रेंजर’मधला टोंटो हा त्यातला सर्वात प्रसिद्ध. १९३३ साली रेडिओवर आलेला, १९४९ पासून टीव्हीवर. तो इंडियन म्हणजे तिथला मूळ रहिवासी. कोलंबसाने १४९२ साली पत्ता चुकवला आणि ते नाव त्या लोकांना कायमचे चिकटले. या खेळाच्या लेखकांनी गंमत अशी केली की फ्रेडीचा इंडियन साथीदार खरोखरीच इंडियातला, आपल्याकडचा!

२००४ साली आम्ही त्याला पाहून नाचलो होतो. अमेरिकेतल्या खेळात आपला माणूस! आमच्याकडे आलेली प्रत जुनी, फ्लॉपीची होती, तीत पात्रांना आवाज नव्हता. नुसती अक्षरे. श्रीनी अदबीने, जपून बोलायचा, आणि त्या गावात डोके ठिकाणावर असलेला तोच एक वाटायचा. आपा त्याचे संवाद मोठ्याने वाचायची, तेही अब्बांच्या आवाजात. म्हणून आमच्या मनातला श्रीनी अब्बांसारखा बोलायचा.

भाईजान पुढे पाच वर्षे आखातात एका औषधाच्या दुकानात होते. तिथले बरोबरीचे लोक त्यांच्या इंग्रजीची नक्कल करायचे. ते ‘व्हिटॅमिन’ म्हणाले की काउंटरमागे कोणीतरी तसेच हेलात म्हणायचे आणि सगळे हसायचे. भाईजानही हसायचे. हे त्यांनी फोनवर कधी सांगितले नाही. परत येऊन गावात स्वतःचे मेडिकल टाकल्यावर एकदा सहज बोलून गेले.

२०२० च्या टाळेबंदीत त्यांचे मेडिकल उघडे होते. रात्री येत, आधी अंगणातच अंघोळ करत, मग जेवत, मग झोप येत नसे. म्हणून आम्ही तो खेळ पुन्हा काढला. या वेळी रीतसर विकत घेतलेला, पुस्तकासकट. ही १९९४ ची सीडीवरची आवृत्ती होती, सगळ्या पात्रांना आवाज असलेली. सोळा वर्षे अडकलेले औषध भाईजाननी एका बैठकीत बनवले. आपा सासरहून व्हिडिओ कॉलवर होती. मग श्रीनी बोलला.

त्याच्या आवाजातला हेल मुद्दाम काढलेला होता. इंडियातला माणूस म्हणून चटकन ओळखू यावा, हसू यावे असा. भाईजाननी दोन वाक्ये ऐकली आणि म्हणाले, “याचा आवाज बंद कर.”

त्यावरून आमच्या घरात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. आमचे इंग्रजीचे एक सहकारी सर या खेळाचे चाहते. त्यांचे म्हणणे, यात कोण सुटले आहे? शेरीफ भ्रष्ट, बँकवाला लोभी, घोडे सुद्धा सुटले नाहीत. सगळ्यांचीच टर आहे तर एकट्या श्रीनीचे वाईट का वाटून घ्यायचे? भाईजान म्हणाले, “शेरीफची टर उडवणारा शेरीफच्याच गल्लीतला आहे, सर. श्रीनीच्या गल्लीतले त्या खोलीत कोणी नव्हते.” आपाचे म्हणणे तिसरेच. शब्द तर तेच आहेत ना? २००४ मध्ये आपण त्याला शहाणा म्हणत होतो, तो शहाणाच आहे, आवाज दुसऱ्याचा आहे.

खेळात एक चिनी माणूसही आहे, काउबॉय कथांतल्या ठरीव चिन्यासारखाच. गोष्ट १८८८ ची. त्याच्या सहाच वर्षे आधी, १८८२ साली, अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्याची बंदी करणारा कायदा केला होता. खेळात त्याचा मागमूस नाही, विनोदी खेळात असायला हवा असेही नाही. आपल्याकडचे लोक त्या भागात मोठ्या संख्येने आले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बहुतेक पंजाबचे शेतकरी, जास्त शीख, काही मुसलमान. १९१३ च्या कायद्याने त्यांना जमीन घेणे अवघड केले. तरी ते टिकले, आणि त्यांच्यातल्या मुसलमानांनी १९४७ साली सॅक्रामेंटोत मशीद बांधली. म्हणजे श्रीनी त्यांच्याआधी कोर्सगोल्डला पोहोचला. भाईजानना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग तर बिचारा नमाजालाही एकटाच.” श्रीनी मुसलमान नाही हे त्यांना ठाऊक होते.

या वादात आम्ही कोणाच्या बाजूचे, असे आपा विचारते. आम्हाला तेव्हा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेतला एक दिवस आठवतो. आमच्या शाळेची सातवीतली मुलगी मराठीत बोलायला उभी होती. पाठांतर चोख, उभे राहणे ताठ. पहिल्याच वाक्यात ती ‘शाळा’ऐवजी ‘शाला’ म्हणाली. मागच्या रांगांतून हसू आले. ‘फळा’चे ‘फला’ झाले तेव्हा मोठ्याने आले. ‘ळ’ तिच्या जिभेला नव्हता, आमच्याही जिभेवर तो डी.एड.च्या वर्षी बसला. आणि शेजारच्या शाळेचे गुरुजी आमच्याकडे पाहून हसले तेव्हा आम्हीही हसलो. वाईट हेतूने नव्हे. त्या रांगेत आपण वेगळे दिसू नये म्हणून. मुलीने स्टेजवरून ते पाहिले. भाषण तिने पुरे केले, पण परतीच्या जीपमध्ये ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, आमच्याशेजारी नाही.

ही गोष्ट आम्ही भाईजानना सांगितलेली नाही. या पानांतून कळेल.

गंमत म्हणजे मराठवाड्याबाहेरचे उर्दूवाले आमच्या उर्दूलाही हसतात, आम्ही ‘क़लम’चे ‘खलम’ करतो म्हणून. तेव्हा आम्ही चिडतो.

खेळ अजून अधूनमधून चालू असतो. आपाचा मुलगा सुट्टीत येतो, तो इंग्रजी माध्यमाचा, त्याला पुस्तकातली औषधे फार आवडतात. बाकी सगळ्यांचे आवाज चालू असतात. श्रीनी समोर आला की भाईजान काही न बोलता हात लांब करून स्पीकरचे बटण फिरवतात आणि भाचा त्याचे वाक्य वाचतो. परवा त्याने विचारले, “मामू, कोणत्या आवाजात वाचू?” भाईजानची दुकानात जायची वेळ झाली होती. ते म्हणाले, “तुझ्याच,” आणि किल्ल्या घेऊन निघाले. खेळ गोगलगायींपाशी जतन करून ठेवला आहे.