गाडी वाजते की जमीन?

अम्मीने घरात झोपणं सोडलं ते २०१८च्या नोव्हेंबरात. डहाणू-तलासरी पट्ट्यात त्या महिन्यापासून जमीन हलायला लागली, हे तुमच्यापैकी अनेकांनी बातम्यांत वाचलं असेल. सगळ्यात जास्त त्रास धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांना होता, पण धक्के आमच्याकडेही पोचायचे. १९९३ला किल्लारीत झाला तसा एक मोठा भूकंप आणि मग त्याच्या मागून लहान धक्के, असा हा प्रकार नव्हता. शास्त्रज्ञ याला ‘स्वार्म’ म्हणतात, म्हणजे थवा. मुख्य असा धक्काच नाही, बारीक बारीक धक्के येतच राहतात. प्रशासनाने तंबू दिले, लोक थंडीत लेकरं घेऊन बाहेर झोपू लागले.

मी नोकरीसाठी डहाणूला, अम्मी आणि मोठा भाई तलासरीला. आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि अम्मी म्हणाली, आता या छपराखाली मी डोळा मिटणार नाही. तंबूत तिचे गुडघे धरायचे. शेवटी भाईने अंगणात उभी असलेली गाडी उघडली.

ही गाडी म्हणजे मुंबईतून विकत घेतलेली जुनी व्हॅनिटी व्हॅन. शूटिंगच्या वेळी नटनट्या जिच्यात बसतात ती. भाई ती भाड्याने द्यायचा. आत पलंग, पंखा, संडास सगळं होतं. आणि खाली चार हायड्रॉलिक जॅक. उंचसखल जागी गाडी उभी केली की एक बटण दाबायचं, पंप सुरू होतो, चार पाय खाली उतरतात आणि गाडी सपाट होते. आमचं अंगण ओहोळाच्या बाजूला उतरतं, त्यामुळे मागचा डावा पाय जवळजवळ पूर्ण बाहेर काढावा लागायचा. त्याशिवाय अम्मीचा पलंग तिरका व्हायचा.

पहिल्या रात्री इशाची नमाज झाल्यावर अम्मी आडवी झाली आणि तासाभरात खालून ‘ठक्’ असा आवाज आला. मग ‘कर्रर्र’. मग पुन्हा ‘ठक्’. गाडीचं पत्र्याचं अंग ढोलासारखं घुमलं. अम्मी अनवाणी खाली उतरली. जमीन तर हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशीपासून भाई कामाला लागला. त्याला आधी पंपाचा संशय आला, कारण पाय उतरवताना पंप घरघरायचा. टाकीत तेल कमी होतं, त्यामुळे पंप तेलाबरोबर हवाही ओढत होता. त्याने तेल ओतलं, तेही पाय बाहेर असताना. ही चूक सगळेच करतात. पाय बाहेर असतात तेव्हा निम्मं तेल त्या नळकांड्यांत असतं. ते पाय वर घेतल्यावर परत टाकीत येतं आणि टाकी ओसंडते. तेलाची पातळी नेहमी चारही पाय वर घेऊन बघायची. अंगणात तेलाचं डबकं झाल्यावर हे आम्हाला कळलं. पंपाची घरघर मात्र थांबली.

रात्रीची ठकठक चालूच राहिली. आणि पंप तर रात्री बंदच असतो, म्हणजे दोन आवाजांचा एकमेकांशी संबंध नव्हता. भाईने जॅकचे बोल्ट आवळले, पाट्यांच्या मध्ये तेल सोडलं, आतली कपाटं कागदाच्या घड्या घालून घट्ट केली. आवाज तसाच.

इथपर्यंत हा आमच्या झोपेचा प्रश्न होता. फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी ४च्या वरचा धक्का बसला. त्या धावपळीत घराबाहेर पळताना पडून आमच्या भागातली दोन वर्षांची एक मुलगी गेली. त्या आठवड्यात शेजारीण अम्मीकडे आली. त्यांचं कुडाचं घर आमच्या कुंपणाला लागून आहे, चार मुलं आहेत. ती भांडायला आली नव्हती, ओशाळूनच बोलत होती. म्हणाली, रात्री तुमची गाडी वाजते आणि पोरं उठून अंधारात पळतात. काल मधला दगडावर आपटला. गुडघा फुटला.

अम्मीने मला डहाणूला फोन केला. “बेटा, ती गाडी बंद कर, नाहीतर मी तंबूत जाते. माझ्यामुळे कुणाचं लेकरू पडायला नको.”

मी शनिवारी गेलो. भाईने हायवेवरून एका उस्तादला बोलावलं होतं. ते डंपरचे हायड्रॉलिक दुरुस्त करण्यात हयात घालवलेले. उस्ताद गाडीखाली गेलेच नाहीत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणारा माणूस एक तर नवखा, नाहीतर मूर्ख, असं त्यांनी आम्हाला आधी सुनावलं. (भाई आठवडाभर तेच करत होता.) मग त्यांनी एकच प्रश्न विचारला: “कधी वाजतं?”

आम्ही तिघांनी तीन उत्तरं दिली. अम्मी म्हणाली, रात्रभर. भाई म्हणाला, मी नुकताच झोपलेला असतो तेव्हा. उस्ताद म्हणाले, लिहून ठेवा, मग मला बोलवा.

त्या रात्री मी गोधडी घेऊन ओट्यावर बसलो, घर आणि गाडी यांच्या मधोमध. वही, टॉर्च, घड्याळ. ठरवलं की घरातल्या मांडणीवरची भांडी वाजली तर तो आवाज जमिनीचा, नुसती गाडी वाजली तर गाडीचा. हायवेवरचे ट्रक लांबून घुमायचे, तेही लिहिले. सुरुवातीला सगळेच आवाज सारखे वाटत होते. उथळ भूकंपाचाही आवाज असतो. जमिनीतून सगळ्यात वेगाने येणारी लाट वर पोचली की हवेला ढकलते आणि कानाला लांब कुठेतरी सुरुंग उडाल्यासारखं वाटतं. हादरा त्याच्या पाठोपाठ येतो, कधी इतका बारीक की जाणवतही नाही.

दोन रात्रींनी वही बघितली. गाडीचे आवाज सूर्य मावळल्यानंतर सुरू होत होते, आठ ते दहा या वेळात दाट, मग विरळ, मध्यरात्रीनंतर जवळजवळ नाहीत. सकाळी ऊन चढल्यावर पुन्हा दोन-तीन. जमिनीचे दोन होते, त्यांना वेळकाळ नव्हता. एक पहाटे फजरच्या आधी, एक भर दुपारी.

उस्तादनी वही वाचली आणि हसले. “तेल थंड होतंय.”

त्यांनी जे सांगितलं त्याचा हिशेब मी नंतर घातला. हायड्रॉलिक तेल एका अंशाने थंड झालं की साधारण ०.०७ टक्के आकसतं. दुपारी ३२ आणि रात्री १७ अंश धरले तर एक टक्का. मागच्या डाव्या पायात ४० सेंटिमीटर तेल उभं होतं, म्हणजे तो पाय रात्रीत ४ मिलिमीटर आखूड होणार. तो हळूहळू सरकला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण दांड्यावर धूळ आणि गंज बसलेला. रबरी सील दांड्याला चिकटून राहतं, वरून गाडीचं वजन ताण वाढवत नेतं, आणि मग एकदम सुटतं. ठक्. पुन्हा चिकटतं. फुगलेला लाकडी खण ओढताना तो अडतो आणि मग झटक्यात हातात येतो, तसंच.

हे ऐकताना मला थोडं विचित्र वाटलं, कारण जमीनही असंच करते. ब्रेस आणि बायर्ली या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडलं होतं की भूकंप म्हणजे खडकांच्या फटीतलं असंच अडणं आणि सुटणं. आमच्या भागाबद्दलही एक स्पष्टीकरण असं पुढे आलं की पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं आणि आधीच ताणाखाली असलेल्या फटी सुटतात. म्हणजे शेजारणीची पोरं ज्या आवाजाला घाबरून पळत होती तो खोटा होता, पण जात तीच होती. त्यांच्या कानाला दोष देण्यात अर्थ नव्हता.

उपाय तासाभराचा निघाला. चाकांना दगड लावून पाय वर घेतले. दांडे फडक्याने पुसले, गंजाचे ठिपके अगदी बारीक पॉलिश कागदाने हलकेच काढले, सिलिकॉनचा फवारा मारून जास्तीचं पुसून टाकलं. भाई ग्रीस घेऊन आला होता, त्याला उस्तादनी हाकललं. ग्रीसवर माती बसते आणि तीच माती सील कापते. मग मागच्या डाव्या पायाखाली लाकडी फळ्यांची रुंद, न डगमगणारी चवड रचली. आता तो पाय १० सेंटिमीटरच बाहेर काढावा लागला. तेल कमी, तर आकसणं कमी. चाकं जमिनीला टेकलेली ठेवली, सगळा भार जॅकवर दिला नाही. उस्तादनी चहाशिवाय काही घेतलं नाही. चिकू मात्र पिशवीभर नेले.

त्या रात्री आठनंतर एक बारीक ‘टिक्’ आली, बस्स. मी कुंपणाशी जाऊन शेजारणीला सांगितलं की आता गाडी बोलणार नाही. काही वाजलंच तर ती जमीन समजा. हे सांगताना मलाच कसंतरी झालं. आधी निदान दहातले नऊ आवाज आमचे होते.

पुढच्या आठवड्यात मी तलासरीलाच होतो तेव्हा रात्री अकराच्या सुमारास लांबून सुरुंगासारखं घुमलं आणि लगेच मांडणीवरची भांडी खणखणली. मी ओट्यावरून उडी मारली. कुंपणापलीकडे दार उघडलं, पण या वेळी कुणी पळालं नाही. सर्वांत मोठी पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन पुढे, मागून बाकीचे एकमेकांचा हात धरून, आणि शेवटी आई टॉर्च घेऊन. अम्मी गाडीच्या दारात उभी, हातात तसबीह.

“हा आपला नव्हता,” ती मला म्हणाली. मग कुंपणाकडे बघून मोठ्याने विचारलं, “सगळे आले का गं?”

शेजारणीने टॉर्च एकेकाच्या तोंडावर फिरवून मोजले. चारही होते.