चिठ्ठीसकट शिंपला

गेल्या मार्गशीर्षात माझी एक जुनी विद्यार्थिनी दादरला घरी आली, ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरूनच. लालबागची त्यांची चाळ पुनर्विकासाला जायची होती. आवराआवर करताना माळ्यावर हा डबा सापडला. “मॅडम, आजोबांचे शिंपले आहेत. यांची नावं लिहून द्याल?” डबा उघडला तर आत काडेपेट्या रचलेल्या. मोजल्या, बहात्तर भरल्या. प्रत्येकीत कापसावर एक शंख किंवा शिंपला आणि कापसाखाली घडी केलेली चिठ्ठी. पहिलीच उलगडली. कॅलेंडरच्या पानाच्या पाठकोऱ्या बाजूवर शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘वरळी, कोळीवाड्यामागचे खडक. पौष अमावास्या, शके १८८४. सुकती. दगडाच्या बुडाशी. रिकामा.’

मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातही मृदुकाय प्राणी. शंखशिंपल्यांचे घरगुती संग्रह माझ्याकडे सतत येत आले आहेत. काचेच्या बरण्या, दागिन्यांच्या पेट्या, शाळेच्या प्रकल्पाचे पुठ्ठे. सगळ्यांना नाव हवं असतं. हा कुठे मिळाला, असं विचारलं की उत्तर येतं, “चौपाटीवर बहुतेक... की गणपतीपुळ्याला?” गिरणीत साच्यावर उभ्या राहणाऱ्या या आजोबांनी नाव एकाही चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं, आणि बाकी सगळं लिहिलं होतं. नाव आज ना उद्या शोधता येतं. जागा आणि दिवस एकदा हातचे गेले की ते कुठल्याच पुस्तकात सापडत नाहीत.

त्या एका चिठ्ठीतून किती कळतं पाहा. शके १८८४ची पौष अमावास्या म्हणजे जानेवारी १९६३. अमावास्या म्हणजे उधाण, आणि उधाणाच्या दिवशी पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते, तर सुकती सकाळी आणि संध्याकाळी. पहिल्या पाळीतून सुटलेला माणूस वरळीला पोचेपर्यंत समोरचे खडक उघडे पडत आलेले असणार. भांगाच्या दिवशी, पाणी थोडंच उतरतं तेव्हा, जाऊन उपयोग नाही, हे आजोबांना ठाऊक होतं. जितक्या चिठ्ठ्या वरळीच्या होत्या, तितक्या सगळ्या अमावास्या-पौर्णिमेच्या किंवा पुढच्या एक-दोन दिवसांच्या निघाल्या.

ओळख पटवायला बसले की मी आधी जागेनुसार वेगळं करते. मुंबईतल्या घरच्या संग्रहात तीन ठिकाणांचा माल हमखास मिसळलेला असतो. आपल्याच किनाऱ्यावरचा, रामेश्वर-कन्याकुमारीच्या यात्रेतून विकत आणलेला, आणि घरातलं कुणी बोटीवर असेल तर परमुलखातला. चकचकीत, डाग नसलेला, कडा न झिजलेला शंख बहुधा दुकानातून आलेला असतो. मुंबईच्या खडकांवरचे नेराइट, थाइस, खडकाला चिकटलेली कालवं ही सगळी खडबडीत, मळकट, शेवाळलेली. लोक ती ‘साधी’ म्हणून टाकून देतात आणि माझा जीव तुटतो, कारण या शहराची म्हणून जी आहेत ती हीच.

मग शंख हातात घ्यायचा. शिखर वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजव्या हाताला आलं तर उजवा, डावीकडे आलं तर डावा. बहुतेक सगळे उजवेच असतात. मग वेढे किती, तोंडाच्या खालच्या टोकाला पन्हळ आहे का, आतल्या खांबावर घड्या आहेत का, ओठाच्या आत दात आहेत का. शिंपल्यात बघायची ती बिजागरी. तिथल्या दातांची ठेवण आणि आतल्या बाजूला उमटलेल्या स्नायूंच्या खुणा पक्क्या साक्षीदार असतात. रंग शेवटी. रंगावर विसंबलं की माणूस फसतो. वाळूत शर्टाच्या बटणाएवढे चपटे, तुळतुळीत शंख मिळतात, अम्बोनियम व्हेस्टियारियम. गुलाबी, राखाडी, पिवळसर, पट्ट्यांचे, नक्षीचे; ओंजळभर घेतले तर दोन सारखे निघत नाहीत. आजोबांनी ते सात काडेपेट्यांत वेगवेगळे ठेवले होते. जात एकच आहे. उलट बाजारात ‘तिसऱ्या’ या एका नावाखाली दोन-तीन वेगळ्या प्रजाती नांदतात. कोळणीच्या वाट्यातच कधी गुळगुळीत त्रिकोणी मेरेट्रिक्स असतात, तर कधी नागमोडी रेषांच्या लांबट पाफिया. रस्सा दोन्हींचा चांगला होतो, पण बिजागरी उघडून बघितली की फरक लगेच दिसतो.

या ‘उजव्या-डाव्या’चा गोंधळ देवघरात सगळ्यात मोठा. काही वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका घरी मला दक्षिणावर्ती शंख बघायला बोलावलं होतं. लाल वस्त्रावर, चांदीच्या तबकात. घरातल्या आजींनी मोठी किंमत मोजून तो घेतला होता. आपला पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम, मन्नारच्या आखातातून येणारा. तो नेहमी उजवा असतो. लाखांत एखादा डावा निघतो आणि परंपरेत त्यालाच दक्षिणावर्ती म्हणतात, कारण शिखर खाली करून धरला की त्याचं तोंड उजवीकडे येतं. आजींचा शंख डावा होता, यात शंका नव्हती. मी परवानगी मागून तर्जनी आत घातली आणि खांबावरून फिरवली. टर्बिनेलाच्या खांबावर तीन-चार ठसठशीत घड्या असतात, बोटाला पायऱ्यांसारख्या लागतात. इथे बोट सरळ घसरलं. घडी एकही नाही. म्हणजे हा अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याकडचा, मेक्सिकोच्या आखातातला व्हेल्क. त्या जातीत डावा असणं हाच नियम. तिथे तो अगदी साधारण शंख आहे, आणि आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून सर्रास विकला जातो.

सांगताना जड गेलं. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “बाई, तो एवढ्या लांबून आलाय तर राहू दे इथेच. पण कुठून आला ते लिहून ठेवा, पुढच्यांना फसायला नको.” मी एका कार्डावर लिहून दिलं. ते आजही तबकाखाली आहे.

मुंबईच्या शंखशिंपल्यांची नीट मोजदाद व्हायला लागली ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३मध्ये स्थापन झाल्यावर दहा वर्षांनी. अलेक्झांडर अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी इथल्या किनाऱ्यावरून गोळा केलेल्या शंखशिंपल्यांची यादी १८९३ साली सोसायटीच्या नियतकालिकात आली, आणि त्याच वर्षी जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांच्यासोबतचा त्यांचा निबंध मँचेस्टरमध्ये छापला गेला. मेलव्हिल यांचा संग्रह आज वेल्समध्ये कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पुढे सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती या तिघांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आधी शिंपल्यांवर आणि मग १९५२ साली शंखांवर लिहिलं. माझ्या पिढीला त्या निबंधांचा फार आधार होता. जेम्स हॉर्नेल यांचं भारतीय मृदुकायांवरचं पुस्तक आणि १९९८चं दीपक आपटे यांचं ‘द बुक ऑफ इंडियन शेल्स’ ही दोन्ही सोसायटीचीच प्रकाशनं. नवशिक्यानं आपटे यांच्या पुस्तकापासून सुरुवात करावी, चित्रं चांगली आहेत. जुन्या यादीतली नावं मात्र आज तशीच वापरता येत नाहीत. ज्याच्या अंगात तांबडं रक्त असतं त्या खाचदार शिंपल्याला लिनियसनं १७५८मध्ये अर्का ग्रॅनोसा म्हटलं. पुढे तो अनाडारा झाला, आता टेगिलार्का. नावं अशी बदलत राहतात. ‘वरळी, सुकती’ बदलत नाही.

हे मला उशिरा कळलं. एम.एस्सी.ला असताना एका वृद्ध गृहस्थांनी त्यांचा चाळीस वर्षांचा संग्रह विश्वासानं माझ्या हाती दिला होता. मी सगळे शंख बादलीत घालून स्वच्छ धुतले, चिठ्ठ्या बाजूला वाळत ठेवल्या, आणि मग कुठली चिठ्ठी कुणाची हे जुळवता आलं नाही. शंख लखलखीत झाले होते. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून माझ्याकडे आलेला शंख आणि त्याची चिठ्ठी एका क्षणासाठीही वेगळी झालेली नाही. धुवायचं तर एका वेळी एक, चिठ्ठी शेजारी. आम्लात तर कधीच बुडवू नये.

आजोबांच्या बहात्तरपैकी नऊ शंखांवर मिठासारखी पांढरी पूड धरली होती. नाकाशी धरल्यावर किंचित आंबूस वास आला. संग्राहक याला बाइनचा रोग म्हणतात. लोफ्टस बाइन यांनी १८९९मध्ये त्यावर लिहिलं आणि दोष जंतूंना दिला. खरं कारण लाकूड, प्लायवूड आणि पुठ्ठा यांतून सुटणारी आम्लाची वाफ. मुंबईच्या पावसाळी दमटपणात ती शंखाचा चुना खात बसते. उपाय सोपा आहे. पूड मऊ ब्रशनं झाडून, शंख साध्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवायचा आणि काचेच्या बाटलीत किंवा पॉलिथिनच्या पिशवीत ठेवायचा. शोकेसचं सुंदर लाकडी कपाट मात्र सोडून द्यावं लागतं.

काडेपेटीत न मावणारा शंख डब्यात एकच होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वजनदार, लालसर, जाड ओठाचा. चिठ्ठी: ‘धाकट्यानं बोटीवरून आणला. मोंबासा.’ सायप्रिकॅसिस रूफा. इटलीत याच्याच थरांत कोरून कॅमिओची पदकं करतात. २००१ साली आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत शंखशिंपल्यांच्या चोवीस जाती घातल्या गेल्या, त्यांत हा आहे. गोव्याच्या जुन्या खिडक्यांत काचेऐवजी जो बसवत, तो पातळ अर्धपारदर्शक शिंपलाही आहे. यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. म्हणून घरात असे जुने नग असतील तर ते विकायचा विचारही करू नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

वरळीच्या चिठ्ठ्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. २०१८पासून किनारी रस्त्यासाठी ब्रीच कँडीपासून वरळीपर्यंत समुद्रात भराव पडला. जिथे आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन गुडघाभर पाण्यात वाकलेलो असायचो, त्यातली काही जागा आता रस्त्याखाली आहे. उरलेल्या खडकांवर आणि गिरगाव चौपाटीवर ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७पासून लोकांना सुकतीला फिरवतात. जिवंत प्राण्यांचे फोटो काढतात आणि काहीही उचलत नाहीत. त्यांच्या नोंदींत जागा आणि तारीख आपोआप येते. त्या नोंदींशेजारी १९६३च्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्या ठेवल्या की एका किनाऱ्याची साठ वर्षं ओळीनं वाचता येतात.

डबा परत द्यायला तीन महिने लागले. नवी कार्डं केली, जुन्या चिठ्ठ्या प्रत्येक बाटलीत तशाच घातल्या. काडेपेट्यांतल्या एकसष्ट नमुन्यांना नावं मिळाली. अकरा राहिले. काही फार झिजलेले, तर काही बोटाच्या पेराहून लहान. एकाच्या अंगावर गोल भोक होतं, बशीसारखं कडेनं उतरतं. नॅटिका गोगलगायीनं पोखरून आतला जीव खाल्ल्याची ती खूण. खाणारा कोण ते ओळखू आलं, पण खाल्ला गेलेला कोण ते नाही.

“मग या अकरांवर काय लिहू, मॅडम?” तिनं विचारलं. मी एका बाटलीतली चिठ्ठी तिला वाचायला दिली. ‘वरळी, टोकाकडचे डबके. चैत्र पौर्णिमा. सुकती.’

तिनं ती वाचली, घडी घातली आणि परत बाटलीत सरकवली.